उघडायचं कुठून?

"मावशी, पण हे उघडायचं कुठून?"

लंडनला ताईकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. बाहेर पावसाची पिरपिर, भाचीच्या शाळेला सुट्टी, ताईची दिवसभर मीटिंग. "वॉलेस कलेक्शनला तिकीट लागत नाही, हिला घेऊन जा तिकडे," असा हुकूम झाला आणि आम्ही दोघी मँचेस्टर स्क्वेअरमधल्या त्या जुन्या हवेलीत शिरलो. भाचीला खरं तर तलवारी आणि चिलखतं बघायची होती, तीही तिथे भरपूर आहेत. पण वाटेत फ्रेंच फर्निचरच्या खोल्या लागतात. भिंतींना रेशीम, त्यावर चित्रं, आणि खाली जिकडेतिकडे सोनं. टेबलांच्या कडांना सोनं, घड्याळांना सोनं, कपाटांच्या पायांत सोन्याचे बूट. एका ड्रॉवरच्या कपाटासमोर ती थबकली. (पाटीवर 'कमोड' लिहिलं होतं. हसू नका, फ्रेंचमध्ये ड्रॉवरच्या बुटक्या कपाटाला तेच म्हणतात.) हात लावायचा नाही असं दारातच बजावलेलं असल्यामुळे दोन्ही हात पाठीमागे बांधून ती उकिडवी बसली, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि मग तो प्रश्न विचारला.

मीही वाकून पाहिलं. पोट पुढे काढल्यासारखा फुगीर दर्शनी भाग, आणि त्यावर ब्राँझच्या सोनेरी वेली अशा पसरलेल्या की त्यांना खालचं लाकूड फक्त रेंगाळायला मिळालेलं अंगण वाटावं. त्या मधूनच उगवतात, वळतात, एकमेकींत शिरतात, पानं फेकतात. कपाटाला दोन ड्रॉवर आहेत, एकावर एक. पण वेलींना त्याची पर्वाच नाही. दोन ड्रॉवरमधली फट त्यांच्या मधूनच जाते आणि नजरेला ती सापडतही नाही. कुलपाची भोकं कुठे, मुठी कुठे, काही पत्ता लागू देत नाहीत. शेवटी खोलीत बसलेल्या रखवालदार बाईंनी उठून बोटाने दाखवलं. वेलीचे काही वळसे जरा जास्त बाहेर आलेले होते, त्याच मुठी. "म्हणजे झाडाला धरून ओढायचं," भाचीने निकाल दिला आणि ती चिलखतांकडे पळाली. मी मागे राहिले. चिलखतांत मला फारसा रस नव्हता हे एक. दुसरं, तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. इतकं करून ज्याला साधी मूठ दाखवायची नाही, त्या कपाटात राजा ठेवायचा तरी काय?

राजा खरोखरचा. हे कपाट १७३९ मध्ये व्हर्सायला, पंधराव्या लुईच्या शयनगृहासाठी पोचतं झालं. सुतारकाम आंत्वान-रॉबेर गोद्रो याचं, ब्राँझ जाक कॅफिएरीचं. गोद्रोने आपलं नाव कुठेही घातलेलं नाही. कॅफिएरीने मात्र ब्राँझवर 'हे कॅफिएरीने केलं' असं सरळ कोरून ठेवलंय. मला ते वाचून गंमत वाटली, कारण आपण याला 'फर्निचर' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर सुतार येतो, आणि इथे तर ओतकाम करणाऱ्याने सुताराच्या छातीवर सही ठोकलीय.

त्या काळच्या पॅरिसमध्ये हे दोन धंदे एका छपराखाली आणायला परवानगीच नव्हती. सुतारांचा संघ वेगळा, ओताऱ्यांचा वेगळा, मुलामा देणाऱ्यांचा वेगळा, आणि एकाने दुसऱ्याच्या कामात हात घातला की खटला. शार्ल क्रेसाँ नावाचा एक अवलिया होता, मूर्तिकाराचा मुलगा. हात मुळात मातीत आणि मेणात बसलेला, धंदा मात्र सुताराचा. आपल्या कपाटांवरच्या ब्राँझच्या बायका-मुलं दुसरा कोणीतरी ओतणार आणि त्यांची नाकं बिघडवणार हे त्याला सहन होईना. त्याने आपल्याच कारखान्यात ओतकाम आणि मुलामा सुरू केला. संघांनी धाडी घातल्या, दंड केले, तो पुन्हा तेच करत राहिला. मला हा माणूस आवडतो. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर संघ बरोबर होते, एकाने सगळंच गिळलं तर बाकीच्यांनी खायचं काय. पण क्रेसाँचं काम बघितलं की ती बाजू घ्यायला जीभ रेटत नाही. त्याच्या आधीच्या पिढीतल्या आंद्रे-शार्ल बूलला ही कटकट नव्हती. चौदाव्या लुईने त्याला १६७२ मध्ये थेट लूव्रमध्ये जागा दिली होती आणि राजाच्या कारागिराला संघाचे नियम लागू नसत. कासवाचं कवच आणि पितळ एकात एक कापून बसवायची त्याची रीत त्याच्याच नावाने ओळखली जाते. एकंदरीत, वशिला असेल तर दोन्ही धंदे करा, नसेल तर दंड भरा. यातलं परकं काय आहे मला समजत नाही.

आता जरा घरचं सांगते, नाहीतर मी त्या खोलीत इतकी का अवघडले ते कळायचं नाही. आमच्या घरात 'भपका' ही शिवी होती. बाबा शिक्षक. घरात एक लोखंडी कपाट, एक शिसवी टेबल आणि गाद्यांची वळकटी. कोणाच्या दिवाणखान्यात झुंबर दिसलं की परतताना रिक्षात बाबा एकच शब्द बोलायचे आणि आम्हाला कळायचं, या माणसांची परीक्षा झाली, ती नापास. चकाकतं ते खोटं, साधं ते खरं, हे आमच्यात संध्याकाळच्या शुभंकरोतीसारखं मुरलेलं. त्यामुळे सोनेरी फर्निचर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येतो तो मंगल कार्यालयाच्या स्टेजवरचा सोफा. तुम्हीही बसला असाल. लाल मखमल, त्यावर बटणांच्या खळ्या, पाठीच्या वर मुकुट, कडेने पानंफुलं, आणि सगळ्याला फासलेला सोनेरी रंग, जो हाताच्या जागी उडून खालचं पांढरं फायबर दिसायला लागलेलं असतं. आमच्या चुलतबहिणीच्या लग्नात तो सोफा टेम्पोतून उतरताना मी पाहिला होता. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, दोन पोरांनी बगलेत मारलेला, वजनाला अगदी हलका. मग त्यावर ती शालू नेसून बसली आणि चार तास महाराणी दिसली.

त्या सोफ्याचे पाय बघा कधी. गुडघ्यात बाहेर आलेले, घोट्यात आत वळलेले, शेवटी पुन्हा पाऊल बाहेर टाकणारे. ते पाय पंधराव्या लुईच्या दरबारातले आहेत. पॅरिसमधून लंडन, तिथून संस्थानिकांचे राजवाडे, मग सिनेमातली श्रीमंत बापाची बैठक, मग दिल्लीतल्या कीर्तीनगरची फर्निचरची दुकानं, आणि तिथून सांगली-सातारा-सोलापूरचं प्रत्येक कार्यालय, असा काहीसा त्यांचा प्रवास असावा. वाटेत लाकूड गेलं, ब्राँझ गेलं, सोनं तर कधीच गेलं. वळण तेवढं टिकलं. बाबांनी शिकवलेल्या नजरेने मी वॉलेसमधल्या खोलीत शिरले होते आणि मनात पहिला शब्द तोच आला होता, भपका. पण त्या कपाटासमोर पाच मिनिटं थांबल्यावर तो शब्द पुरेना. रंग फासलेला सोफा सगळीकडून सारखाच पिवळा दिसतो. इथे एकाच पानाचा देठ लखलखत होता आणि पातं मऊ, गाईच्या दुधावरच्या सायीसारखं निस्तेज सोनेरी होतं. पानाच्या शिरा छिन्नीने एकेक करून ओढलेल्या. प्रकाश त्यावरून घरंगळत नव्हता, कुठे अडकत होता, कुठे सुटत होता. संध्याकाळी मेणबत्त्या लागल्यावर हे काय दिसत असेल, हा विचार मनात आला आणि मी पक्षांतर केलं.

हे ब्राँझ मुळात शोभेसाठी आलेलंच नव्हतं. फ्रेंच कपाटाच्या वरचा सुंदर लाकडी थर म्हणजे विनियर. आतला सांगाडा ओक किंवा पाइनसारख्या साध्या लाकडाचा, वर ब्राझील आणि कॅरिबियन बेटांतून आलेल्या किंगवूड, ट्युलिपवूड, ॲमरंथ अशा जांभळ्या-गुलाबी लाकडांचे पातळ पत्रे चिकटवलेले. (ती लाकडं तिकडे कोण तोडत होतं तेही विसरू नये. गुलाम.) असा पत्रा कोपऱ्यावर पहिला उडतो. नोकराने झाडू मारला, कोणाची तलवार लागली, घागऱ्याचा घेर घासला की टवका निघालाच. म्हणून कोपऱ्याला धातूची पट्टी, पायाला धातूचा बूट, कुलपाभोवती धातूची चकती, किल्लीने ओरखडा पडू नये म्हणून. आपल्या जुन्या पेट्यांना पितळी पट्ट्या असायच्या त्या याच हिशेबाने. मग कोणीतरी त्या पट्टीच्या टोकाला एक पान काढलं. पानाला देठ आला, देठाला वेल आली, वेलीवर बाई येऊन बसली, बाईच्या हातात पोर आलं, आणि तीस-चाळीस वर्षांत राखणदारच घराचा मालक झाला. गोद्रोच्या कपाटावर ते अगदी डोळ्यांना दिसतं. लाकूड आता ब्राँझला टेकू देण्यापुरतं उरलंय. बऱ्याचदा ब्राँझचा खर्च सुतारकामापेक्षा जास्त व्हायचा.

आणि सोन्याचा थर इतका का पातळ ठेवायचा, भरीव चांदी-सोन्याचंच फर्निचर का नाही, असं विचाराल तर तेही करून झालं होतं. चौदाव्या लुईने व्हर्सायमध्ये भरीव चांदीची टेबलं, दिवे, झाडांच्या कुंड्या बनवून घेतल्या होत्या. जगात दुसरीकडे कुठे नसेल असं वैभव. १६८९ मध्ये लढाईला पैसे कमी पडले आणि ते सगळं टाकसाळीत गेलं, वितळलं, नाणी झाली. त्या कारागिरीतलं आज हातात काही नाही, चित्रं आणि यादी तेवढी. मुलाम्याच्या ब्राँझला मात्र कोणी वितळवत बसलं नाही. खरवडून काढलं तरी हाती किती सोनं येणार? गंमत अशी की खऱ्या ऐश्वर्याला आयुष्य लाभलं नाही आणि वरवरच्या सोन्याला अडीचशे-तीनशे वर्षं मिळाली. बाबांना हे सांगितलं असतं तर ते गप्प बसले असते, पण मान्य केलं नसतं.

हा पातळ थर चढवायचे कसे ते मी नंतर शोधून वाचलं, आणि तिथे माझं पक्षांतर पुन्हा डळमळलं.

ब्राँझ ओतून झालं की ते काळपट, खरबरीत असतं. छिन्नीवाला, म्हणजे सिझलेर, आठवडेच्या आठवडे त्यावर बसतो. ओतकामाचे डाग काढायचे, शिरा कोरायच्या, कुठे दाणेदार पोत आणायचा, कुठे गुळगुळीत. मग ते मुलामा देणाऱ्याकडे जातं. तो तुकडा आम्लात धुतो, पारा विरघळवलेलं नायट्रिक ॲसिड ब्रशने लावतो, म्हणजे पुढचा थर धरून राहावा. मग शुद्ध सोनं आणि पारा, साधारण एकाला आठ, असा लोण्यासारखा मऊ गोळा करून तो पितळी तारांच्या ब्रशने पानापानावर, घडीघडीत पसरवतो. या वेळी तुकडा सोनेरी नसतो, चंदेरी दिसतो. आणि मग तो निखाऱ्यांवर धरायचा. तापत तापत पारा उडून जातो, ३५७ अंशांना तो उकळतो, पण वाफ त्याच्या कितीतरी आधीपासून निघू लागते. मागे सोनं राहतं, धातूत रुतून बसलेलं. एका थराने भागत नाही. पुन्हा गोळा, पुन्हा निखारे. शेवटी जिथे चकाकी हवी तिथे अकीक दगडाने घासायचं, जिथे नको तिथे तसंच मंद ठेवायचं. सायीसारखा दिसणारा तो निस्तेज भाग आणि लखलखणारा देठ, दोन्ही एकाच भट्टीतून आलेले.

आमच्या आळीत कल्हईवाला यायचा. रस्त्याच्या कडेला खड्डा, त्यात कोळसे, चामड्याचा भाता, आणि आमच्या सगळ्यांच्या घरची पितळी पातेली ओळीने. पातेलं तापून लाल व्हायला आलं की तो त्यात नवसागराची चिमूट टाकायचा आणि भस्सकन पांढरा धूर उठायचा. तो वास अजून नाकात आहे, घशात जाऊन बसणारा. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एक गोल फिरवला की काळं पातेलं चांदीचं व्हायचं. आम्हा पोरांना तो चमत्कार नाकाशी नाक लावून बघायचा असायचा आणि आई वरून खिडकीतून ओरडायची, "धुरातून बाजूला हो!" मी बाजूला व्हायची. कल्हईवाला कुठे बाजूला होणार? त्याचं तोंड तर सगळ्यात जवळ. नवसागराच्या धुराने ठसका लागतो, डोळे झोंबतात. पाऱ्याची वाफ तसंही काही कळू देत नाही. तिला वास नाही, रंग नाही.

इटालियन वैद्य रामाझिनी याने १७०० मध्येच कारागिरांच्या रोगांवर लिहिताना मुलामा देणाऱ्यांचा समाचार घेतला होता. हात थरथरायला लागतात, तोंडाला लाळ सुटते, हिरड्या खराब होतात, दात हलतात, चेहरा फिकट पडतो. म्हणजे गोद्रोचं कपाट शयनगृहात लागलं त्याच्या चाळीसेक वर्षं आधी हे छापून आलेलं होतं. माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. उलट माहीत असूनही काम चालू राहिलं, कारण दुसरा मार्ग नव्हता आणि मागणी होती. स्वस्तातला पर्याय होता, ब्राँझ आम्लात उजळवून वर सोनेरी वार्निश मारायचं. मध्यम ऐपतीच्या गिऱ्हाइकांसाठी ते चालायचंही. पण राजाच्या खोलीत वार्निश कसं चालेल?

या सगळ्यांत ज्याचं नाव देवासारखं घेतलं जातं तो पिएर गुतिएर, छिन्नी आणि मुलामा दोन्ही कामांचा उस्ताद. तो मंद, साय धरल्यासारखा मुलामा त्याच्याच नावाशी जोडला जातो. पंधराव्या लुईची शेवटची मैत्रीण मादाम द्यु बारी, तिचा लूव्हसिएनचा बंगला क्लोद-निकोला लदूने बांधला आणि त्यातलं ब्राँझ गुतिएरने केलं. दारं-खिडक्यांच्या मुठीसुद्धा त्याच्या हातच्या. पुढे ड्यूक दोमोंसारखी माणसं त्याची गिऱ्हाइकं झाली. १७८२ मध्ये ड्यूकच्या मृत्यूनंतर त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला तेव्हा यादीत गुतिएरच्या कामाला वेगळी खूण घातली होती आणि सोळाव्या लुईने आणि मारी आंत्वानेतने त्यातल्या वस्तू विकत घेतल्या. जिवंत कारागिराच्या नावावर भाव चढतो याचं इतकं ठसठशीत उदाहरण त्या काळी क्वचितच असेल. आणि हाच माणूस १७८७ मध्ये दिवाळखोर झाला. थोरामोठ्यांची गिऱ्हाइकी म्हणजे थोरामोठ्यांची उधारी. सोनं स्वतःच्या खिशातून आधी घालायचं, कारागिरांना दर आठवड्याला द्यायचं, आणि बिल ड्यूकच्या कारभाऱ्याकडे वर्षानुवर्षं पडून राहणार. त्यात क्रांती झाली. मादाम द्यु बारीचं डोकं डिसेंबर १७९३ मध्ये गिलोटिनखाली गेलं, आणि तिच्याकडची थकबाकी त्याच्या हयातीत काही त्याच्या हाती लागली नाही. १८१३ मध्ये तो गरिबीत गेला, ऐंशी ओलांडून. इतकं आयुष्य त्याला कसं मिळालं असेल असं मला वाटून गेलं. भट्टीपाशी रोज तोच उभा राहायचा, की दुसरं कोणी? त्या दुसऱ्यांना ड्यूकच्या यादीत खूण नाही.

मला या गोष्टीचा राग येतो, आणि राग कोणावर काढायचा ते ठरत नाही. राजावर काढावा तर त्याचं तर डोकंच गेलं. गिऱ्हाइकांवर काढावा तर त्या खोलीत तोंडाचा आ वासून उभी असलेली मीसुद्धा एक गिऱ्हाइकच, फक्त बिनपैशाचं.

क्रांतीने या वस्तूंचं काय केलं तेही सांगायला हवं. राजघराणं तुरुंगात गेल्यावर व्हर्सायमधलं सामान विकायला काढलं. २५ ऑगस्ट १७९३ ला सुरू झालेला तो लिलाव पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत चालला. १७,१८२ नग. खुर्च्या, पलंग, आरसे, स्वयंपाकघरातली भांडी, सगळं. यात मला सगळ्यात लक्षात राहतो तो जाँ-आंरी रिझनेर. मूळचा जर्मन, पॅरिसमध्ये ओबेनच्या कारखान्यात शिकला. ओबेनने राजासाठी लिहिण्याचं एक भलंमोठं मेज १७६० मध्ये सुरू केलं होतं. किल्लीच्या एका फेऱ्यात वरचं गुंडाळणारं झाकण आणि सगळे ड्रॉवर सुटावेत अशी कळ. शाईच्या दौती बाजूच्या कप्प्यांतून बाहेरून भरता याव्यात, म्हणजे नोकराला राजाच्या कागदांपर्यंत हात न घालता काम उरकता यावं. (भाचीच्या प्रश्नाचं हे एक उत्तर. उघडायचं कुठून ते मालकालाच कळावं, इतरांना नाही.) ओबेन १७६३ मध्ये वारला. रिझनेरने कारखाना सांभाळला, ओबेनच्या विधवेशी लग्न केलं आणि मेज १७६९ मध्ये पुरं केलं. किंमत ६० हजार लिव्रच्या (तेव्हाचं फ्रेंच नाणं) वर. पॅरिसच्या साध्या मजुराला दिवसाला एक-सव्वा लिव्र मिळायचा तो काळ, म्हणजे त्याची शंभराहून जास्त वर्षांची मजुरी त्या एका मेजात बसली. ते मेज आज व्हर्सायमध्येच आहे.

क्रांतीनंतर, १७९४ मध्ये, याच रिझनेरला नव्या सरकारने एक काम दिलं. त्यानेच राजासाठी केलेल्या फर्निचरवरून राजाच्या खुणा काढून टाकायच्या. लिलीची फुलं, राजाराणीच्या नावांची गुंफलेली अक्षरं, सगळं उचकटायचं आणि तिथे निरुपद्रवी काहीतरी बसवायचं. कल्पना करा, साठीचा माणूस, स्वतःच्या हाताने बसवलेला पत्रा स्वतःच्या पटाशीने सोलतोय. त्याच सुमाराला तो लिलावात स्वतःचीच कपाटं विकतही घेत होता, पुढे चांगला भाव येईल म्हणून. भाव आला नाही. आवड बदलली होती, लोकांना आता सरळ रेषा हव्या होत्या आणि जुन्या राजवटीच्या वस्तू दारात नको होत्या. तो १८०६ मध्ये ओढगस्तीतच गेला. त्या वस्तू मात्र इंग्रजांनी उचलल्या. वॉलेसमधल्या खोल्या भरल्या त्याचं मूळ इथे आहे. हर्टफर्डच्या सरदारांनी पुढच्या शतकात पॅरिसच्या बाजारात बसून हे सगळं जमवलं, आणि त्यांच्या वारसाची विधवा लेडी वॉलेस हिने १८९७ मध्ये मरताना ते देशाला देऊन टाकलं.

फ्रेंच वळणाचं असं सोनेरी सामान पुढे आपल्याकडेही आलं, संस्थानिकांच्या हौसेपायी. हैदराबादला सालारजंग म्युझियममध्ये आपली मंडळी घड्याळातला तो ठोके देणारा छोटा माणूस बघायला गर्दी करतात. त्याच इमारतीत युरोपियन फर्निचरच्या खोल्या ओस पडलेल्या असतात. जा कधी, शांतता मिळेल. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये राजाराणीच्या काळच्या कपाटांच्या उत्तम नकला करणारे बडे कारखाने उभे राहिले. फ्रान्स्वा लिंकने १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर नकला सोडून वेलींना नवाच पिसाटपणा दिला. अस्सल की नक्कल हा वाद जाणकारांनी घालावा. त्यांच्याकडे खुणा आहेत. १७४५ ते १७४९ या काळात तांब्याच्या मिश्रधातूंवर कर होता आणि त्याची पावती म्हणून ब्राँझवर मुकुट घातलेला इवलासा 'सी' ठोकायचे. तो सापडला की वर्ष सापडलं. करवसुलीच्या शिक्क्याने कलेच्या इतिहासाचं इतकं भलं दुसरीकडे कुठे केलं असेल असं वाटत नाही.

आणि राव्रियो. हे नाव मी आधी ऐकलेलं नव्हतं आणि आता विसरणार नाही. आंत्वान-आंद्रे राव्रियो, नेपोलियनच्या काळातला मोठा ब्राँझवाला, राजवाड्यांना घड्याळं आणि दिवे पुरवणारा, फावल्या वेळात कविता आणि नाटुकली लिहिणारा. १८१४ मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्रात ३,००० फ्रँक एका कामासाठी ठेवलेले होते. मुलामा देणाऱ्या कामगारांना पाऱ्यापासून वाचवायचा उपाय जो शोधेल त्याला ते बक्षीस द्यावं. आयुष्यभर ज्यांच्या फुप्फुसांवर त्याचा धंदा चालला त्यांची आठवण त्याला मरताना झाली, असं छद्मीपणे म्हणता येईल. मी म्हणून पाहिलं, मनाला पटलं नाही. इतरांना मरतानाही झाली नाही. १८१८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ दार्से याने ते बक्षीस मिळवलं. उपाय विलक्षण साधा. मुलाम्याच्या भट्टीच्या धुराड्याला खाली एक वेगळी छोटी शेगडी जोडायची. तिच्या उष्णतेने धुराड्यातली हवा वर ओढली जाते आणि तिच्यासोबत पाऱ्याची वाफही, कामगाराच्या तोंडावर येण्याऐवजी. एक जास्तीची शेगडी आणि नीट बांधलेलं धुराडं. हे १७३९ मध्ये सुचायला काय हरकत होती? विटा होत्या, कोळसे होते, गवंडी होते.

पुढे १८४० च्या दशकात विजेने मुलामा द्यायची पद्धत आली आणि पाऱ्याची गरज हळूहळू संपत गेली. मंगल कार्यालयातल्या सोफ्याला तर विजेचीही गरज नाही, स्प्रेचा डबा पुरतो. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांच्या जाहिराती मात्र मी त्या दिवसापासून वाचायला लागलेय, काही घ्यायची ऐपत नसताना. त्यांत 'पाऱ्याचा मुलामा' हे शब्द कौतुकाने, किंमत वाढवण्यासाठी घातलेले असतात, आपल्याकडे 'हातमाग' किंवा 'लाकडी घाणा' लिहितात तसे. ताईला एकदा फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग? विजेचा मुलामा चढवलेलं घे की, दिसायला काय फरक असतो?" मी दोन्हींचे फोटो तिला पाठवले. फरक दिसतो, ताई. विजेचा मुलामा सगळीकडे सारखा आणि जरा थंड असतो. पाऱ्याचा जास्त खोल, जास्त ऊबदार दिसतो. आणि मला तोच आवडतो.